बीटी कापूस

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत सापडणारा एक जिवाणू. त्याचा क्राय१एसी हा जीन कापसाच्या पेशीत घातला की झाड स्वतःच बोंडअळीला मारणारं प्रोटीन बनवतं. हा जिवाणू पहिल्यांदा कोणी शोधला यावर दोन मतं आहेत. जपानच्या इशिवातांनी तो १९०१ च्या सुमारास मेलेल्या रेशीमअळ्यांत पाहिला, जर्मनीच्या बर्लिनरनी तो पुढे दहाएक वर्षांनी पिठातल्या पतंगाच्या अळीत पाहिला आणि थुरिंगिया प्रांतावरून नाव दिलं (साल कुठे १९११ देतात, कुठे १९१५). शोध इशिवातांचा आणि नाव बर्लिनरचं, असं म्हणणं जास्त पटतं.

हे प्रोटीन अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटून भोकं पाडतं, मग अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि चिकटायला लागणारे रिसेप्टरही नसतात.

भारतात परवानगी मिळाली २६ मार्च २००२ ला, जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीच्या तीन हायब्रिडना (संकरित वाणांना), जीन अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचा. पण बीटी त्याआधीच आलं होतं. २००१ मध्ये गुजरातेत नवभारत १५१ हे बियाणं विनापरवाना पेरलेलं सापडलं, सरकार पीक जाळा म्हणालं आणि शरद जोशींची शेतकरी संघटना शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. त्यामुळे बीटी देशात कंपनीने आणलं की शेतकऱ्यांनी ओढून आणलं, हा वाद अजून मिटलेला नाही.

फायदा झाला का? देशात २००१-०२ ला हेक्टरी ३०८ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) होती, २००७-०८ ला ५५४ किलो. कथगे आणि क्वाइम यांच्या २०१२ च्या अभ्यासात बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के वाढल्याचं म्हटलंय. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक क्रांती मात्र म्हणतात की वाढीचं बरंचसं श्रेय खताचं आणि नव्या कीटकनाशकांचं. आकडे वर्षवार लावून बघितले तर क्रांतींचं म्हणणं अगदीच झटकून टाकता येत नाही, तरी हिरव्या अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत कमी झाल्या हे दोन्हीकडचे मानतात.

गुलाबी बोंडअळीचं तसं झालं नाही. शेतात डोमकळी दिसते, म्हणजे पाकळ्या पिळून मिटलेलं, न उमललेलं फूल, ते उकललं की आत अळी. हिरवं बोंड तर बाहेरून धडधाकट दिसतं, फोडल्यावरच कळतं. भारतात बीटी मुख्यतः हायब्रिडमध्येच दिलं गेलं आणि हायब्रिडच्या बोंडात सरकी वेगवेगळ्या गुणांची निघते, एकच जीन असेल तर साधारण पाव सरकीत विषच नसतं. गुलाबी अळी सरकीच खाते, तेव्हा तिला बिनविषाचं आणि विषाचं एकाच बोंडात मिळतं आणि ती हळूहळू सरावते असा तर्क आहे. त्यात फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभंच ठेवलं, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. अळी सरावू नये म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट कडेने पेरायला यायचं, ते बऱ्याच जणांनी पेरलंच नाही. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या जीनला दाद न देणारी अळी सापडली, पुढे दोन जीनचं बोलगार्ड-२ पण चालेना, आणि २०१७ ला विदर्भात, मराठवाड्यात पऱ्हाटी (कापसाची झाडं) उभी असून वेचायला कापूस नाही अशी वेळ आली.

नैतिक प्रश्न म्हटलं की लोक निसर्गात ढवळाढवळ वगैरे बोलतात, इथे खरा वाद बियाण्याच्या मालकीचा झाला. हायब्रिडची सरकी घरी ठेवून पेरता येत नाही, दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं, सुरुवातीला ते १६०० रुपयांच्या घरात होतं. सरळ वाणात, म्हणजे ज्याचं बी घरी ठेवून पेरता येतं त्यात, बीटी घालायचा सरकारी प्रयत्न म्हणजे बिकानेरी नरमा बीटी, २००९ ला आला, पण त्यात मोन्सँटोचाच जीन निघाल्यावर मागे घेतला. मोन्सँटोच्या बीटी पेटंटचा खटला दिल्ली हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेला, तिथून जानेवारी २०१९ ला परत खाली.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोलीजहागीरला शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं एचटीबीटी सगळ्यांसमोर पेरलं. निंदणीचा खर्च वाचतो हा त्यांचा मुद्दा, निंदायला जाणाऱ्या बायांच्या रोजाचं काय होणार हे या वादात फारसं येत नाही.