वृद्ध रुग्णांविषयीची समानुभूती : दंतवैद्यक शिक्षणातील

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला वयस्क रुग्णाची अडचण त्याच्या बाजूने समजावी आणि ती समजल्याचे त्याच्या बोलण्या-वागण्यातून रुग्णालाही जाणवावे, यासाठीचे शिक्षण. गोव्याला त्याची निकड मोठी. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचे प्रमाण राज्यात ११ टक्क्यांवर होते; केरळखालोखाल देशात सर्वाधिक. मुले आखातात किंवा युरोपात आणि घरी म्हातारा-म्हातारीच, अशी घरे गावोगाव दिसतात. राज्याच्या दोन टोकांना असलेल्या पेडणे किंवा काणकोणाहून बसने बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात (स्थापना १९८०) यायचे, तर अशा माणसाचा अख्खा दिवस मोडतो.

ही वृत्ती उपजत असते, शिकवता येत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट शिकताना ती कमी होऊ शकते. समानुभूती मोजणारी जेफरसन मोजपट्टी (प्रश्नावली) वापरून अमेरिकेत झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाच्या दंत विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या वर्षांतल्यांपेक्षा जास्त आढळले. प्रत्यक्ष रुग्ण हाती येतात तेव्हाच कामांचा कोटाही मागे लागतो, आणि समोरचे आजोबा ‘केस’ होतात.

कवळीच्या कामात हे सर्वांत स्पष्ट दिसते. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, खालचे वरच्यापेक्षा अधिक. त्यात जिभेच्या हालचालीने खालची कवळी उचलली जाते. ‘बसत नाही’ ही तक्रार म्हणजे हट्ट नव्हे, हे विद्यार्थ्याने त्या झिजलेल्या कडेवरून स्वतःचे बोट फिरवून समजून घ्यायचे असते. एकसष्ट, बासष्ट असे मोजायला लावले की ‘स’ नीट उमटतो का ते कळते. काय खाता येत नाही, हेही विचारावे. नुसत्या पेजेवर दिवस काढणारी माणसे ते आपणहून सांगत नाहीत.

म्हातारपणी कसे वाटते ते कळावे म्हणून चष्म्याला व्हॅसलीन, कानात बोळे आणि हातात जाड हातमोजे घालून केसपेपर भरायला लावणे, ही एक तालीम. तिने डोळे उघडतात, पण तेवढ्याने भागत नाही. खुर्चीजवळच्या सवयी रोज घोटाव्या लागतात. मास्क लावण्याआधी समोर बसून, रुग्णाच्या कोकणीत किंवा मराठीत, सावकाश बोलावे. सोबत आलेल्या मुलाला नव्हे, रुग्णालाच विचारावे. गोळ्यांची पिशवी उघडून पाहावी: रक्त पातळ करणारी किंवा हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे दात काढण्याआधी कळलीच पाहिजेत, आणि तोंड कोरडे पडण्याचे कारणही पुष्कळदा तिथेच सापडते. आडवी केलेली खुर्ची हळूहळू उठवावी, नाहीतर रक्तदाब उतरून घेरी येते.

मूल्यमापनात हे उतरले नाही तर विद्यार्थी ते ऐच्छिकच समजणार. कवळी हातात दिली की काम पूर्ण, ही मोजणी बदलायला हवी. हिरडीला टोचण्याच्या तक्रारी त्यानंतरच्या दिवसांत येतात. म्हणून कवळी घासून बेताची करण्याच्या भेटीही त्याच कामाच्या गुणांत धरल्या पाहिजेत.