भीमाशंकर: फांदीला फांदी लागेल तिथवर

शेकरू फक्त भीमाशंकरलाच सापडतं, ही समजूत इतकी घट्ट रुजली आहे की ती आधी बाजूला काढलेली बरी. रॅटुफा इंडिका ही मोठी खार सह्याद्रीत पार केरळपर्यंत आहे, सातपुड्यात आणि मध्य भारतातही आहे. महाबळेश्वरला दिसते, फणसाडला दिसते. भीमाशंकरचं वेगळेपण दुसरंच आहे. १९८५ साली पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत मिळून १३०.७८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य जाहीर झालं, ते मुळात शेकरूला डोळ्यांसमोर ठेवून. वाघासाठी राखलेली जंगलं पुष्कळ आहेत. इथे मान एका खारीला मिळाला. आणि खार राखायची तर नुसती जमीन राखून भागत नाही, झाडांचे शेंडे राखावे लागतात.

नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत शेकरू साधारण मीटरभर भरतं, त्यात निम्म्याहून जास्त शेपूटच. वजन दीड ते दोन किलो. पाठ तांबूस तपकिरी, पोट मळकट पांढरं. खाताना ते मागच्या पायांनी फांदी पकडून पुढे ओणवतं. शेपूट मागे लोंबत राहते आणि तोल सांभाळते. फळं, बिया, कोवळी पालवी, फुलं, वेळप्रसंगी झाडाची साल, काहीही चालतं. जमिनीवर मात्र ते क्वचितच उतरतं, कारण खाली त्याची चपळाई फारशी कामाला येत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर ते सहा मीटरपर्यंत उडी मारतं, पण हा आकडा मोघम समजू नये. निघताना फांदी भक्कम हवी आणि पलीकडे पकडायला पानांचा गच्च झुबका हवा. दुपदरी रस्त्याचा डांबरी भागच सात मीटर असतो. दोन्ही बाजूंची साफ केलेली पट्टी धरली की शेकरूच्या दृष्टीने तिथे जंगल संपलं.

घरटं ओळखणं अवघड नाही. उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांचा आणि पानांचा मोठा गोल गोळा दिसतो. बारीक फांद्या अशासाठी की जड शिकाऱ्याचं वजन त्या पेलत नाहीत. आणि झाड निवडलं जातं ते ज्याचा शेंडा शेजारच्या दोन-तीन झाडांना लागलेला आहे असं, म्हणजे पळायच्या वाटा तयारच. गणना करताना गफलत होते ती इथेच. एक शेकरू एकाच वेळी अनेक घरटी बाळगतं: एक पिलांसाठी, बाकीची झोपायला आणि दडायला. त्यामुळे पन्नास घरटी म्हणजे पन्नास शेकरं नव्हेत. वापरातल्या घरट्यात हिरवी किंवा नुकती वाळलेली पानं असतात आणि गोळा भरीव दिसतो. सोडलेल्या घरट्याच्या काटक्या बाहेर आलेल्या असतात आणि आरपार आकाश दिसतं. हा भेद न करता केलेली मोजणी आकडा फुगवते. पाहायला जायचं तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं. दुपारी ते फांदीवर पोट टेकून पडलेलं असतं, आणि तपकिरी पाठ सालीत अशी मिसळते की डोक्यावर असूनही पत्ता लागत नाही.

शेंड्याला शेंडा लागून होणाऱ्या या छताची झाडं मुख्यतः तीन: अंजनी, जांभूळ आणि पिसा. सोबत आंबा, हिरडा, पारजांभूळ, कुंबळ. माथ्यावरच्या पठारावर ती फार उंच होत नाहीत. मातीचा थर पातळ आणि पावसाळ्यातला वारा झोडपणारा, म्हणून झाडं ठेंगणी आणि गाठाळ राहतात. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने कोरडे. तरीही माथा हिरवा राहतो, कारण अंजनीसारख्या झाडांची पानं जाड, चामड्यासारखी असतात, त्यांतून पाणी सहजी उडत नाही, आणि मुळं कातळाच्या भेगांतल्या ओलीपर्यंत गेलेली असतात. छत जिथे उघडं पडतं तिथे ऊन जमिनीपर्यंत येतं, पालापाचोळा सुकतो आणि गवत शिरतं. गवताबरोबर वणवा येतो. अंजनीचं कोवळं रोप अशा एका वणव्यातही टिकत नाही.

उतारांवर कारवी माजते. ती सात वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. पुढच्या पावसात बियांतून नवं रान उभं राहतं. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींना वापरतात. फुलण्याच्या आधीच्या वर्षी सरसकट तोड झाली तर त्या उताराला बीच मिळत नाही, आणि माती धरून ठेवणारं दुसरं झुडूप तिथे सहसा नसतं.

आता पाणी. १३० चौरस किलोमीटरवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १,३०० कोटी लिटर पाणी पडतं. धरणांच्या भाषेत जवळपास अर्धा टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. डोंगरधारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब कड्यावरून खांडसकडे कोसळतो आणि उल्हास नदीतून शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेचा थेंब भीमेतून ८६१ किलोमीटर वाहत कर्नाटकाच्या टोकाला कृष्णेत जातो आणि तिच्यातून बंगालच्या उपसागरात. वाटेत चासकमान, उजनी आणि पंढरपूर. घोडसुद्धा याच डोंगररांगेत उगम पावते, डिंभे धरण भरते आणि पुढे भीमेलाच मिळते.

सगळा पाऊस लगेच वाहून गेला तर नदी दिवाळीनंतर कोरडीच पडेल. तसं होत नाही, कारण मुसळधार सर आधी पानांवर फुटते, मग कुजलेल्या पाचोळ्याच्या थरात शिरते आणि तिथून मुरते. खाली लाव्हाचे थर एकावर एक रचलेले आहेत. भेगाळलेला आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक पाणी घेतो. त्याखालचा एकसंध काळा पाषाण ते अडवतो. अडलेलं पाणी आडवं सरकतं आणि जिथे डोंगराची कड लागते तिथे झरा होऊन बाहेर पडतं. मंदिराजवळ उगम पावलेली भीमा लुप्त होऊन पूर्वेला रानात गुप्त भीमेपाशी पुन्हा प्रकटते, असं मानतात. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला तरी असं दिसेनासं होणं आणि पुन्हा वर येणं या खडकात घडू शकतं. पाचोळा झाडून नेला, गुरांनी माती तुडवली, की हाच पाऊस मुरायच्या आधी लाल गढूळ होऊन ओढ्याला लागतो, आणि तो गाळ शेवटी धरणात बसतो.

पावसाळ्यात याच रानात कुजत्या लाकडांवर एक हिरवट उजेड दिसतो. तो मायसीना गटातल्या बुरशीचा. बुरशीतलं ३-हायड्रॉक्सीहिस्पिडिन हे द्रव्य, हवेतला ऑक्सिजन आणि ल्युसिफरेज नावाचं विकर एकत्र आले की प्रकाश बाहेर पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. तो इतका मंद असतो की बॅटरी विझवून पंधरा-वीस मिनिटं अंधारात थांबल्याशिवाय डोळ्याला कळत नाही. समाजमाध्यमांवरचे झगझगीत हिरवे फोटो कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेले असतात, हे मनात धरून गेलं की निराशा होत नाही. चमकणारं लाकूड घरी नेण्याचा मोह अनेकांना होतो. ते वाळलं की विझतं, आणि अभयारण्यातून काडीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २९ खाली गुन्हा आहे. रात्री आत राहायला वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच.

या कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत मोठा फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क संपवावे लागतात. अभयारण्यात ते चौकशी करून चालू ठेवता येतात. म्हणूनच महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या आजही या परिसरात आहेत. कलम २९ वनोपज घरच्या गरजेपुरतं वापरू देतं, विकू देत नाही. पण आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरी गावांत रोख पैशाचा मोठा आधार म्हणजे बाळहिरडा: बी धरण्याआधी उतरवून उन्हात वाळवलेलं कोवळं फळ. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. दोन्ही कायदे एकाच झाडाखाली भेटतात, आणि वाद बहुतेक तिथेच होतात.

खरं पाहता हिरडा वेचणारा माणूस आणि शेकरू यांच्यात भांडण नाही. फळ देणारं झाड उभं राहण्यात दोघांचाही फायदा आहे. नुकसान होतं ते फळासाठी आख्खी फांदी मोडली तर, किंवा भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर जाळायला, टहाळ तोडताना शेंडाही छाटला तर. फांदी गेली की पुढच्या हंगामाचं फळ गेलं. शेंडा गेला की झाड जिवंत राहतं, पण शेजाऱ्याला पुन्हा लागायला त्याला कित्येक वर्षं लागतात. वीजवाहिनीखालची छाटणी तर दर वर्षी होते, त्यामुळे तिथली फट कधी भरतच नाही. अशा ठिकाणी झाडाला झाड जोडणारे दोरांचे पूल बांधता येतात. पूल खांबाला न बांधता दोन्ही टोकं शेंड्याच्या आत, पानांत शिरलेली हवीत, आणि वाऱ्यात झाडं हलली तरी दोर तुटू नये इतकी ढील हवी. खांबावर संपणाऱ्या पुलापर्यंत शेकरू उघड्यावरून यायला धजत नाही. वरून शिकारी पक्ष्यांचं भय असतं.