पॉल डिरॅक: अभियांत्रिकीतून सैद्धांतिक भौतिकीकडे

पॉल डिरॅक यांचे नाव पुंजयामिकीशी (अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या सूक्ष्म कणांच्या वर्तनाच्या सिद्धांताशी) इतके एकरूप झाले आहे, की त्यांची पहिली पदवी विद्युत अभियांत्रिकीची होती हे सहसा ध्यानात येत नाही. 1902 साली ब्रिस्टॉल येथे जन्मलेल्या डिरॅक यांनी 1921 मध्ये तेथील विद्यापीठातून ही पदवी प्रथम वर्गात मिळवली. परंतु महायुद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळेना, आणि केंब्रिजची 70 पौंडांची शिष्यवृत्ती मिळूनही तेवढ्यात तेथील खर्च भागण्यासारखा नव्हता. अखेर ब्रिस्टॉलच्याच गणित विभागाने त्यांना विनाशुल्क शिकू दिले. 1923 मध्ये अधिक अर्थसाहाय्य मिळाल्यावर ते केंब्रिजला राल्फ फाउलर यांच्याकडे संशोधनासाठी गेले.

भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या पुंजयामिकीच्या 1925 च्या सिद्धांतात राशींचा क्रम बदलला की गुणाकारही बदलतो, ही अनेकांना खटकणारी बाबच डिरॅक यांना कळीची वाटली. ऑक्टोबरमधील एका रविवारी फिरताना त्यांना तिचे अभिजात (पुंजयामिकीपूर्वीच्या) यामिकीतील प्वासाँ कंसांशी, म्हणजे दोन राशींचा संबंध मांडणाऱ्या एका गणिती रचनेशी, साम्य जाणवले. कंसाची नेमकी व्याख्या मात्र आठवेना. घरच्या पुस्तकांत आणि टिपणांत ती सापडली नाही आणि ग्रंथालये बंद होती. ती रात्र अधीरतेत गेली. सोमवारी सकाळी ग्रंथालय उघडताच त्यांनी व्याख्या पडताळली आणि साम्य खरे ठरले.

अभियांत्रिकीची ती वर्षे वाया गेली असे मानणे चुकीचे ठरेल. काटेकोर सिद्धतेअभावी अडून न बसता सुयोग्य आसन्नमूल्य (जवळपासचे उत्तर) स्वीकारण्याची सवय आपल्याला तेथेच लागली, असे डिरॅक स्वतः सांगत. एका क्षणात एकवटलेला विजेचा स्पंद अभियंत्याला ओळखीचा असतो. त्याच कल्पनेला त्यांनी डेल्टा फलनाचे रूप दिले. गणितज्ञांना त्याची काटेकोर मांडणी 1940 च्या दशकात लोराँ श्वार्ट्झ यांच्याकडून मिळाली, तोवर भौतिकीत ते सर्रास वापरले जात होते.

इलेक्ट्रॉनाचे वर्णन करणाऱ्या आपल्या 1928 च्या समीकरणातून 1931 मध्ये त्यांनी प्रतिइलेक्ट्रॉनाचे, म्हणजे इलेक्ट्रॉनासारख्याच पण धन प्रभाराच्या पॉझिट्रॉन या कणाचे, भाकीत केले. 1932 मध्ये कार्ल अँडरसन यांना तो अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत सापडला आणि 1933 मध्ये डिरॅक यांना श्रोडिंगर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

याच काळात मुंबईचे होमी भाभा केंब्रिजमध्ये होते. वडिलांच्या अटीनुसार त्यांनीही आधी यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा 1930 मध्ये प्रथम वर्गात उत्तीर्ण केली आणि मगच ते गणिताकडे वळले. डिरॅक यांच्या समीकरणाच्या आधारे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी केलेले गणित 1936 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रक्रिया त्वरकांमधील (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांमधील) टकरींचे प्रमाण मोजण्यासाठी आजही वापरली जाते.