स्कूबा डायव्हिंग, प्रवाळभित्तींतील

उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्तींच्या परिसरात, श्वसनाची हवा पाठीवरील सिलिंडरमध्ये बरोबर नेऊन मारलेली बुडी. वरच्या होडीशी नळीने बांधलेला नसल्यामुळे पाणबुड्या भित्तीच्या उतारांवर व कपारींत मोकळेपणाने फिरू शकतो.

उपकरणाचा उगम : या उपकरणाचे श्रेय सामान्यतः झाक ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां या फ्रेंच जोडीला (१९४३) दिले जाते. ते अंशतःच रास्त आहे. उपकरणाचा गाभा म्हणजे मागणीनुसार हवा सोडणारा नियामक. श्वास घेताच त्यातील दाब किंचित उतरतो, लवचिक पडदा आत ओढला जातो, त्याला टेकलेली तरफ झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. बन्वा रूकेरोल या खाण-अभियंत्याने असा नियामक १८६० मध्ये खाणींतील वापरासाठी तयार केला आणि ओग्यूस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या साहाय्याने १८६४ च्या सुमारास तो पाणबुड्यांसाठी वापरात आणला. मात्र पुरेशा उच्च दाबाची हवा साठवणारे सिलिंडर तेव्हा नसल्याने हवा मुख्यतः वरूनच पुरवावी लागे. उलट ईव्ह ल प्रीअर याच्या उपकरणात (१९२६) तसे सिलिंडर होते, पण झडप हाताने फिरवावी लागे. हवा अखंड वाहून लवकर संपे. मागणीनुसार चालणारा नियामक आणि उच्च दाबाचे सिलिंडर हे दोन्ही भाग झॉर्झ कॉमेन यानेही जवळपास कूस्तोंच्याच काळात एकत्र आणले होते. १९४३ मध्ये मार्सेजवळ तो ५३ मी. खोल गेला, १९४४ मध्ये तो युद्धात मारला गेला आणि त्याचे उपकरण मागे पडले.

गान्यांचा नियामक मूळचा युद्धकालीन पेट्रोलटंचाईत वायूवर चालणाऱ्या मोटारींसाठीचा. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत पाणबुड्या आडवा असताना तो ठीक चाले. उभे राहिल्यास हवा वाया जाई, डोके खाली केल्यास श्वास जड होई. उच्छ्वासाची झडप आणि पडदा वेगवेगळ्या पातळीवर असल्याने दोहोंवरील पाण्याचा दाब भिन्न पडत होता. दोन्ही शेजारी आणताच दोष गेला. कूस्तो–गान्यां यांचे खरे योगदान या दुरुस्तीत आणि युद्धोत्तर उत्पादनात मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

शुद्ध ऑक्सिजन पुन्हापुन्हा वापरणारी बंद उपकरणे (हेन्री फ्ल्यूस, १८७८) ही वेगळी शाखा होय. सुमारे ६ मी. खाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरू लागतो. तरी ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ हान्स हास याने १९४२ मध्ये एजियन समुद्रात असेच उपकरण वापरले. पुढे तांबड्या समुद्रातील भित्तींवरही त्याने काम केले.

दाब व खोली : दर १० मी. खोलीस सुमारे एक वातावरण दाब वाढतो. १० मी.वरून श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांतील हवा दुप्पट होऊ पाहते, म्हणून श्वास कधीही रोखत नाहीत. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ नयेत यासाठी हल्ली मिनिटास सुमारे ९ मी. या वेगाने वर येतात. हौशी बुड्यांची मर्यादा ४० मी. मानतात.

भित्ती : भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींत एकपेशीय शैवले राहतात. त्यांना प्रकाश हवा असल्याने भित्तीवरील बहुतेक जीवसृष्टी बुडीच्या आवाक्यातच भेटते. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. रंग पाहायचे तर भर दुपारीही विजेरी लागते.

भारतात : लक्षद्वीप (कडमत, बंगारम) आणि अंदमान ही प्रमुख क्षेत्रे. मालवण येथे सागरी अभयारण्य (१९८७) असून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना मार्गदर्शकाच्या हाताशी उथळ बुडी देतात. पाणी गढूळ असल्याने लक्षद्वीपची पारदर्शकता तेथे अपेक्षू नये. विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रातील आंग्रे बँक ही बुडालेली भित्ती अधिक समृद्ध, पण तेथवर जाणे खर्चिक. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर बुड्या बंद असतात.

संवर्धन : पायातील पंखांचा फटका, उडालेला गाळ आणि नांगर यांनी प्रवाळ मोडतात. त्वचेवरील सनस्क्रीनच्या परिणामाबाबत मतभेद आहेत. हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेंझोन व ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली, परंतु समुद्राच्या तापमानवाढीपुढे हे कारण दुय्यम दिसते. १९९८, २०१० व २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांचे मोठे विरंजन (ऊतींतील शैवले गमावून पांढरे पडणे) झाले. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून ते तोडणे वा बाळगणे गुन्हा आहे.