पपईची बी: फळातली की पाकिटातली?

सांगली-साताऱ्याकडे पपईविषयी दोन समज इतके पक्के आहेत की त्यांवर कोणी वाद घालत नाही. पहिला समज असा की खाल्लेल्या फळातली बी परड्यात लावली तर हमखास नर झाडे निघतात आणि फळे हवी असतील तर पाकीटच आणावे लागते. दुसरा असा की काळीभोर, वजनदार, पाण्यात बुडणारी बी मादीची असते आणि फिकट, तरंगणारी नराची, म्हणून बी निवडून लावली की काम भागते. यांतला पहिला समज अर्धाच खरा आहे आणि दुसरा पूर्ण खोटा आहे. तरंगणारी बी बहुधा पोकळ असते, ती रुजत नाही, एवढेच त्यातून कळते. बीच्या रंगावरून, आकारावरून किंवा कोवळ्या मुळाच्या वळणावरून झाडाचे लिंग ओळखता येत नाही. पाकिटातल्या बीला जास्त पैसे पडतात ते ती बी दिसायला चांगली असते म्हणून नव्हे, तर तिचे आईबाप माहीत असतात म्हणून. फळातल्या बीची आई आपल्यासमोर असते, पण बाप अज्ञात असतो. पपईत सगळा फरक या अज्ञात बापामुळे पडतो आणि तो कसा पडतो हे समजले की कोणती बी केव्हा लावावी याचा निर्णय स्वतःचा स्वतः घेता येतो.

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हा प्रश्न पडत नाही. तो डॉगरिज या द्राक्षवेलीच्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी भरतो आणि बागेतली सगळी झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाच्या प्रती असतात. पपईची लागण मात्र बहुतेक ठिकाणी बीपासूनच होते आणि प्रत्येक बी ही आईबापांच्या गुणांची नवी जुळणी असते. एकाच फळातल्या शेकडो बियांमधल्या कोणत्याही दोन तंतोतंत सारख्या नसतात.

पपईची झाडे दोन नव्हे, तीन प्रकारची असतात, हे अनेक वर्षे पपई पिकवणाऱ्यांनाही पुष्कळदा सांगावे लागते. नर झाडाला लांब, लोंबत्या, फांद्या फुटलेल्या तुऱ्यांवर पुष्कळशी बारीक, नळीसारखी फुले येतात. मादी झाडाचे फूल खोडाला लगटून येते. ते मोठे असते, त्याच्या पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या असतात आणि आत टपोरा, गोलसर बीजांडकोश (ज्याचे पुढे फळ होते तो भाग) दिसतो, पण पराग देणारा पुंकेसर एकही नसतो. तिसरे झाड उभयलिंगी. त्याची कळी मादीच्या कळीपेक्षा सडपातळ असते, पाकळ्या खालच्या बाजूला जोडून नळी झालेली असते, आणि कळी नखाने उभी फाडून पाहिली तर मधोमध लांबट बीजांडकोश आणि त्याच्याभोवती नळीला चिकटलेले पिवळे पुंकेसर असे दोन्ही एकत्र दिसतात. मादी झाडाचे फळ गोलसर आणि आत मोठी पोकळी असलेले होते, तर उभयलिंगी झाडाचे लांबट आणि जाड गराचे. बाजारात लांबट फळाला मागणी असते, कारण ते पेटीत नीट बसते आणि त्यात गर जास्त भरतो. फळाचा हा आकार लक्षात ठेवावा, पुढे तो कामी येणार आहे.

आता मुख्य यंत्रणेकडे वळू. हवाईमध्ये स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमेयर या दोन शास्त्रज्ञांनी १९३८ साली, एकमेकांवर अवलंबून न राहता, पपईच्या संकरांमधली नर, मादी आणि उभयलिंगी झाडे मोजून एकच निष्कर्ष काढला होता. पपईच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात आणि त्यांतल्या एकाच जोडीवर लिंग ठरते. २००४ साली या जोडीची रेण्वीय पातळीवर तपासणी झाली, तेव्हा ही अगदी अलीकडे घडू लागलेली लिंगगुणसूत्रांची जोडी आहे, हे स्पष्ट झाले. मादीत दोन्ही गुणसूत्रे एक्स असतात. नरात एक एक्स आणि एक वाय असते. उभयलिंगी झाडात एक एक्स आणि वायचाच एक वेगळा प्रकार असतो. सोयीसाठी नराच्या वायला नर-वाय आणि उभयलिंगीच्या वायला उभय-वाय म्हणू.

पपईत दोन वाय एकत्र आलेले झाड सापडत नाही, मग ते दोन नर-वाय असोत, दोन उभय-वाय असोत किंवा एकेक. अशी बी गर्भावस्थेतच मरते. दोन्ही वायवरच्या लिंग ठरवणाऱ्या भागात आणि एक्सवरच्या त्याच भागात देवाणघेवाण थांबलेली आहे, त्यामुळे वायवर बदल साचत गेले, तो भाग एक्सवरच्या भागाच्या दुपटीहून मोठा झाला आणि गर्भ वाढण्यासाठी अत्यावश्यक असलेली एखादी सूचना त्या ओघात नाहीशी झाली, असे मानले जाते. घरात एकाच कागदाच्या दोन प्रती असाव्यात आणि त्यांतल्या एकीचा कोपरा उंदराने कुरतडावा, तरी दुसरीवरून काम चालते. दोन्ही प्रती त्याच कोपऱ्यात कुरतडलेल्या निघाल्या तर मात्र अडते. तसेच इथे एक एक्स असला की तो वायची उणीव भरून काढतो, आणि एकही एक्स नसला की गर्भाची वाढ थांबते.

यातून निघणारा हिशोब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. उभयलिंगी फुलाचे स्वतःच्याच परागाने फलन झाले, तर बीजांडांपैकी अर्ध्यांत एक्स आणि अर्ध्यांत उभय-वाय असतो, परागकणांचेही तसेच. चार शक्य जुळण्यांपैकी एक एक्स-एक्स, म्हणजे मादी. दोन एक्स आणि उभय-वाय, म्हणजे उभयलिंगी. आणि चौथीत दोन्ही उभय-वाय, ती मरते. उरलेल्यांत दोनास एक असे उभयलिंगी आणि मादीचे प्रमाण राहते. मादी फुलावर उभयलिंगी झाडाचा पराग पडला तर निम्मी मादी आणि निम्मी उभयलिंगी. मादीवर नराचा पराग पडला तर निम्मी मादी, निम्मी नर. उभयलिंगी फुलावर नराचा पराग पडला तर मेलेल्या जुळणीखेरीज एक मादी, एक नर, एक उभयलिंगी असे समान वाटे पडतात. या चारही ओळी नीट पाहिल्या की दिसते की नर-वाय फक्त नर झाडाच्या परागातूनच येतो. म्हणून ज्या शिवारात नर झाडच नाही, तिथल्या फळातल्या बीपासून नर झाड निघण्याचे कारण नाही.

निव्वळ उभयलिंगी झाडे देणारी पपईची जात शेकडो पिढ्या निवड करूनही का तयार झाली नाही, याचेही उत्तर यातच आहे. तशी जात करायला दोन्ही गुणसूत्रे उभय-वाय असलेले झाड हवे आणि ते जगतच नाही. विशेष म्हणजे उभयलिंगी पपई ही माणसाच्या निवडीची देणगी दिसते. जंगली पपईत फक्त नर आणि मादी आढळतात, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार उभय-वाय हा मध्य अमेरिकेतल्या जंगली नराच्या वायपासून सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वेगळा झाला. ज्या शेतकऱ्यांनी तुऱ्याऐवजी खोडालगत फळ धरणारे ते वेगळे झाड जपले आणि त्याचीच बी पुन्हा लावली, त्यांची निवड आज आपल्या बाजारात लांबट फळाच्या रूपाने उभी आहे.

आता बाजारातून आणलेली पपई चिरण्याआधी तिचा आकार पाहावा. लांबट असेल तर तिची आई उभयलिंगी आहे, गोल असेल तर बहुधा मादी. सध्या बाजारात येणारे पुष्कळसे फळ तैवानच्या 'रेड लेडी ७८६' या संकरित वाणाचे असते आणि त्या वाणाच्या प्लॉटमध्ये मादी व उभयलिंगी अशी दोनच प्रकारची झाडे असतात. त्यामुळे अशा मोठ्या प्लॉटमधल्या लांबट फळाच्या बीपासून नर झाड निघण्याची शक्यता फारच कमी असते. याउलट गावातल्या कुंपणाकडेला जुनी देशी झाडे असतील, त्यांत तुरे लोंबणारे नर असतील आणि त्यांचा पराग रात्री फिरणाऱ्या पतंगांनी किंवा वाऱ्याने आणला असेल, तर त्याच गावातल्या गोल फळाच्या निम्म्या बिया नर निघतील. 'घरची बी नर निघते' हा अनुभव बहुधा अशा परड्यांतूनच आलेला आहे आणि तिथे तो खराही आहे.

जाहिरातींत आणि रोपवाटिकांच्या फलकांवर 'शंभर टक्के मादी रोपे' असा दावा दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नये. बीपासून रोप व्हायला पराग लागतो, पराग नराचा किंवा उभयलिंगीचा असतो आणि त्या दोघांच्याही निम्म्या परागकणांत वाय असतो. असा दावा काही पिकांत शक्य आहे. पॉलिहाउसमधल्या काकडीच्या फक्त मादी फुले देणाऱ्या वाणाचे बियाणे राखताना मादी वेलावर विशिष्ट रसायन फवारून तात्पुरती नर फुले आणतात. भांगेच्या झाडातही नर-मादी वेगळी असतात, लिंग एक्स-वाय पद्धतीनेच ठरते आणि बी पाहून ते सांगता येत नाही. ज्या देशांत तिच्या लागवडीला परवानगी आहे, तिथे मादी झाडाकडून अशाच रीतीने पराग मिळवतात, म्हणजे आई आणि बाप दोन्ही एक्स-एक्स, आणि जवळजवळ सगळी बी मादीची. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सरकारी परवान्यावाचून भांगेची लागवड हा गुन्हा आहे. पपईची मादी मात्र आपले लिंग सहसा सोडत नाही, म्हणून ही युक्ती तिच्यावर चालत नाही.

बदलतात ती उभयलिंगी झाडे, आणि काही नर. आटपाडी-जतकडच्या उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाच्या फुलातला बीजांडकोश खुरटतो, फूल नरासारखे वागते आणि गळून जाते. थंडीत उलट पुंकेसर बीजांडकोशाला चिकटून वाढतात आणि वेडीवाकडी, खोबणी पडलेली फळे येतात. काही नर झाडांनाही हवामान बदलले की तुऱ्याच्या टोकाला लहान फळे लागतात. नर पपईच्या खोडात लोखंडी खिळा ठोकला की ती मादी होते, ही समजूत अशा झाडांमुळे टिकून आहे. खिळा ठोकला जातो, पुढे ऋतू पालटतो, फळे दिसतात आणि श्रेय खिळ्याला मिळते. ज्यांना फळे लागत नाहीत त्या खिळ्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि खोडाला झालेल्या जखमेतून कूज मात्र आत शिरते. खिळ्याने पेशीतले गुणसूत्र बदलत नाही.

मग पाकीट कशासाठी घ्यायचे? एकरभर लागण करायची असेल तर ते घ्यावेच, आणि त्याचे कारण लिंगापेक्षा इतर गुणांमध्ये आहे. संकरित वाणाच्या पहिल्या पिढीत सगळी झाडे गोडी, उंची, फळधारणा आणि रोगसहनशीलता यांत जवळजवळ सारखी असतात. तिच्या फळातली बी म्हणजे दुसरी पिढी, आणि तिथे आजी-आजोबांचे गुण पुन्हा सुटे होऊन वाटले जातात. एक झाड बुटके आणि भरगच्च, शेजारचे उंच आणि फिक्या चवीचे, असे होते. माव्यामार्फत पसरणारा रिंगस्पॉट विषाणू पपईचा मोठा शत्रू आहे. रेड लेडी त्याला बऱ्यापैकी सहन करते, पण दुसऱ्या पिढीतल्या प्रत्येक झाडात ती सहनशक्ती येईलच असे नाही. प्लॉटमध्ये सगळी फळे एका आकाराची आणि एका सुमारास काढणीला येणारी हवीत, आणि ही खात्री फळातली बी देऊ शकत नाही. कूर्ग हनी ड्यू किंवा पुसा डेलिशस यांसारख्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत मादी व उभयलिंगी झाडे येतात आणि त्यांची बी नीट परागीभवन करून घरी राखता येते. वॉशिंग्टन किंवा पुसा नन्हा यांत नर आणि मादी वेगळी असतात, तिथे दहा मादींमागे एक नर ठेवावा लागतो. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातली बी राखण्याचा, लावण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाची बी त्या नावाचे पाकीट करून विकता येत नाही.

परड्यातल्या चार झाडांसाठी मात्र फळातली बी पुरते. आपल्याकडे लांबट, गोड फळाचे झाड असेल तर त्याची कळी उमलण्याआधी तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. उभयलिंगी फूल पुष्कळदा उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे बाहेरचा बाप शिरत नाही. पिकल्यावर बी काढली की तिच्यावरचे बुळबुळीत आवरण राखेत किंवा बारीक वाळूत चोळून काढावे, कारण त्यात रुजवण रोखणारी द्रव्ये असतात. मग स्वच्छ धुऊन सावलीत सुकवावी आणि लवकर लावावी, पपईची बी फार काळ टिकत नाही. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. एका खड्ड्यात तीन रोपे लावली तर तिन्ही मादी निघण्याची शक्यता २७ मध्ये १ इतकीच असते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक खड्ड्यात एक तरी उभयलिंगी झाड मिळते. बी देशी गोल फळाची असेल आणि नराचा पराग आलेला असेल तर तीन रोपांपैकी तिन्ही नर निघण्याची शक्यता ८ मध्ये १ असते, म्हणून तिथे चार रोपे लावावीत. चार ते सहा महिन्यांनी कळ्या आल्या की त्या फाडून पाहाव्यात, हवे ते रोप ठेवावे आणि बाकीची जमिनीलगत कापून टाकावीत, उपटू नयेत, कारण त्यांची मुळे राखलेल्या झाडाच्या मुळांत गुंतलेली असतात.