शब्द जिभेवर अडतो तेव्हा

गप्पा मारताना आपण सेकंदाला दोन-तीन शब्द सहज बोलून जातो. हजारो शब्दांतून नेमका हवा तो कसा सापडतो, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. त्यामुळे याबद्दल जे समजलं, त्यातलं बरंचसं अडलेल्या आणि चुकलेल्या बोलण्यातून समजलं.

1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी लेबोर्न्य नावाच्या रुग्णाला तपासलं. बोललेलं त्याला बरंचसं समजे. पण काहीही विचारा, तोंडून 'तां, तां' एवढंच निघे. बाकीचं तो हातवाऱ्यांनी सांगे. सांगायचं मनात असून शब्द नाही, अशी 21 वर्षं त्या माणसानं तिथे काढली! काही दिवसांतच तो वारला आणि मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. पुढे 1874 मध्ये अवघ्या 26 वर्षांचे जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार नोंदवला: घडाघडा पण अर्थहीन बोलणारे, दुसऱ्याचं न समजणारे रुग्ण. त्यांची इजा डावीकडेच, पण मागच्या बाजूला होती.

धडधाकट माणसांच्या बोलण्यातल्या चुका पद्धतशीर गोळा केल्या त्या व्हिएन्नाचे भाषातज्ज्ञ रुडॉल्फ मेरिंगर यांनी, कार्ल मायर यांच्यासोबत, 1895 मध्ये. 1901 साली फ्रॉइड यांनी अशा चुकांमागे दडपलेल्या इच्छा शोधल्या आणि प्रसिद्धी त्यांना मिळाली. मला मात्र मेरिंगर यांचं निरीक्षण अधिक मोलाचं वाटतं: चुकाही शिस्तीत होतात. 'कागद-पेन'चं 'पागद-केन' होतं, म्हणजे सुरुवातीचा आवाज सुरुवातीच्याच आवाजाशी जागा बदलतो.

हा धागा अमेरिकेतल्या भाषाअभ्यासक व्हिक्टोरिया फ्रॉम्किन यांनी 1971 मध्ये आणि मेरिल गॅरेट यांनी 1975 मध्ये पुढे नेला. गॅरेट यांचा मुद्दा मराठीत तर फारच स्पष्ट दिसतो. 'दाराला कुलूप लाव' म्हणायचं असताना घाईत कुणी म्हणतं, 'कुलपाला दार लाव'. नामांनी जागा बदलल्या, पण 'ला' जिथल्या तिथेच राहिला. शिवाय 'कुलूप'चं 'कुलपा' झालं आणि 'दारा'चं पुन्हा 'दार'. वाक्याचा सांगाडा आधी उभा राहतो, शब्द त्यात बसतात आणि सामान्यरूप त्याहून नंतर घडतं, हे त्या एका चुकीत दिसतं.

त्याआधी, 1966 मध्ये, हार्वर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या होत्या. समुद्रावर सूर्यताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण कोणतं? 'सेक्स्टंट' जिभेवर अडलेल्यांना 'सेकंट', 'सेक्स्टन' असे शब्द सुचत. अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर 57 टक्के वेळा बरोबर ओळखलं गेलं. अर्थ हाती लागलेला, आवाज अर्धवट. म्हणजे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

यावरच नेदरलँड्समधल्या नायमेगेन इथले भाषा-मानसशास्त्रज्ञ विलेम लेवेल्ट यांनी 1989 आणि 1999 मध्ये टप्प्यांची मांडणी केली: आधी कल्पना, मग अर्थ-व्याकरणासह शब्द, शेवटी आवाज. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी डेल यांनी 1986 मध्येच वेगळं मांडलं होतं. त्यांच्या मते आवाजांचा परिणाम उलटा शब्दनिवडीवरही होतो. 'तेवीस'ऐवजी 'तेहतीस' निघतं, कारण दोन्ही आकडे आहेत आणि कानालाही जवळचे आहेत. लेवेल्ट मात्र म्हणतात, बोलण्याआधी आपण शब्द आतल्या आत तपासतो आणि इतकी जवळची चूक त्या तपासणीतून निसटते.