आधी कॉलेजं गेली, मग जिल्हा

फेब्रुवारी उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांत सगळंच एकदम अंगावर येतं. गॅदरिंगच्या तालमी, युवा महोत्सवासाठी निवड, २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाची जुळवाजुळव, आणि रविवार आला की आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात साहित्य संमेलन. या धावपळीत दरवर्षी तेच प्रश्न नव्याने उठतात. सूचना कुठल्या भाषेत लावायची? सूत्रसंचालन कुणी आणि कसं करायचं? मराठी एकांकिका बसवायला हॉल मिळणार का? या प्रश्नांचं मूळ आपण सवयीने १९५६ मध्ये, म्हणजे बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्या वर्षात, शोधतो. कॉलेजांपुरतं बोलायचं तर ते त्याच्या सात वर्षं आधीचं आहे, आणि सीमालढ्याच्या इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा कधी मिळालेली नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो. बेळगावातली जुनी कॉलेजं १९३० आणि १९४० च्या दशकांत निघाली, एक कन्नड शिक्षणसंस्थेचं, दुसरं मराठी शिक्षणसंस्थेचं. दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. मराठीतले सर्वांचे लाडके विनोदकार पु. ल. देशपांडे इथेच काही काळ शिकवत होते, आणि मराठी कवितेतलं एक फार मोठं नाव, इंदिरा संत, आयुष्याचा मोठा काळ याच शहरात नांदलं. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या वेळी इथल्या कॉलेजांत शिकणारी मुलं मुंबईची प्रश्नपत्रिका सोडवत होती आणि मुंबईच्या पदवीची वाट पाहत होती. पुढची तीन वर्षं तरी यात काही बदल झाला नाही.

१९४९ मध्ये मात्र झाला. मुंबई विद्यापीठ अवाढव्य झालं होतं, आणि प्रांत सरकारने त्याचा भार वाटून द्यायचं ठरवलं. पुण्याला विद्यापीठ झालं, गुजरातला झालं, आणि मुंबईच्याच विधिमंडळाने कायदा करून कर्नाटक विद्यापीठही उभं केलं. त्याचं कार्यालय सुरुवातीला मुंबईतच होतं, १९५० मध्ये ते धारवाडला गेलं. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाचे चार जिल्हे त्याच्या क्षेत्रात आले. राज्य तेच, मंत्रिमंडळ तेच, कोर्टाचं अपील मुंबईलाच. पदवीच्या कागदावरचं नाव तेवढं बदललं.

हा निर्णय अन्यायाचा होता की सोयीचा, यावर इथे आजही दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं आहे. सोयीची बाजू आधी सांगतो. धारवाड बेळगावहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईला खेटे घालण्यापेक्षा तिथे जाणं कुणालाही परवडणारं. सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाकच्या कन्नड मुलाला तर आपल्या भाषेचं, आपल्या मुलखाचं विद्यापीठ प्रथमच मिळालं. मुंबईत त्याची भाषा कोपऱ्यात होती. त्याच्या आनंदाला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. मराठी घरांतल्या कित्येकांनीही त्या वेळी हा बदल निव्वळ व्यवहाराचा मानला. फॉर्म कुठे पाठवायचा एवढाच काय तो फरक, असं आमच्या घरातली जुनी माणसं सांगत.

पण नकाशा काढणाऱ्यांनी जिल्हा हे एकक धरलं, आणि गोम तिथेच आहे. बेळगाव जिल्हा एकभाषिक कधीच नव्हता. बेळगाव शहर, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांचा मोठा भाग, निपाणीचा पट्टा, आणि तेव्हा याच जिल्ह्यात असलेला चंदगड हा सगळा मुलूख प्रामुख्याने मराठी बोलत होता. भाषेवर आधारलेली विद्यापीठं काढायची, आणि हद्द मात्र इंग्रजांच्या महसुली जिल्ह्याची घ्यायची, अशी ती गल्लत होती. राज्य पुनर्रचनेच्या वेळी चंदगडपुरती ती दुरुस्त झाली. बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यात जाताना चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला गेला, पुढे तो कोल्हापूर जिल्ह्यात आला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं. तेव्हापासून शिनोळीचा मुलगा पदवीसाठी कोल्हापूरकडे बघतो, आणि त्याच्या शिवारालगतच्या बाचीचा मुलगा कर्नाटकातल्या विद्यापीठाकडे. दोघांच्या घरी तीच भाषा, एकाच बाजारात दोघांची भाजी विकली जाते, लग्नं एकमेकांच्या गावात होतात.

माझं मत लपवत नाही. १९४९ ला तालुका हे एकक धरलं असतं, किंवा निदान कॉलेजांना कुठे जोडून घ्यायचं हे निवडायची मुभा दिली असती, तर पुढची बरीच कटुता टळली असती. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा हलला तेव्हा इथल्या कॉलेजांना काहीच हलवावं लागलं नाही. कागद आधीपासून धारवाडला जात होते. इथल्या शिक्षणाचं तोंड दक्षिणेकडे आधीच वळलेलं होतं, राज्य मागाहून आलं.

पुढची पंचवीस वर्षं भराभर सोडतो, कारण कॉलेजातल्या कार्यक्रमांचा आजचा आकार ठरला तो १९८० च्या दशकात. शाळांत कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणणाऱ्या गोकाक समितीच्या अहवालानंतर कर्नाटकात कन्नडच्या स्थानाचा प्रश्न पेटला. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, धारवाडच्या विद्यापीठाने बेळगावात पदव्युत्तर केंद्र काढलं. आम्ही त्याला नुसतं पीजी सेंटर म्हणायचो. मग १ जून १९८६ आला, कन्नड सक्तीविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला तो दिवस. त्या दिवसाबद्दल इथल्या वाचकाला मी नव्याने काय सांगणार? हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला दर १ जूनला जाणाऱ्यांत तेव्हाचे विद्यार्थी आज साठीचे झालेत. कॉलेजांवर त्याचा परिणाम हळूहळू दिसला. वाङ्मय मंडळाच्या फलकावर काय लिहायचं, पाहुणा महाराष्ट्रातून बोलवायचा का, यात प्राचार्य आधी पोलिसांचा विचार करू लागले. १ नोव्हेंबरला कॉलेजात कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि शहरात मराठी माणसांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी. त्या दिवशी वर्गातली अर्धी मुलं इकडे तर अर्धी तिकडे, आणि दुसऱ्या दिवशी सगळी एकाच बाकावर.

मी शिकलो तो काळ नव्वदीतला. सूचना कशी फिरायची ते अजून डोळ्यांसमोर आहे. शिपाई बगलेत लांबोडकी वही घेऊन वर्गाच्या दारात उभा राहायचा. वहीत वर कन्नड मजकूर, खाली त्याचं इंग्रजी, शेवटी प्राचार्यांची हिरव्या शाईतली सही. सर ती वही हातात घेत, इंग्रजी ओळींवरून नजर फिरवत, आणि वर्गाकडे बघून मराठीत सांगत, 'वक्तृत्वाला नावं द्यायची शेवटची तारीख शनिवार, ऑफिसात द्या.' सही करून वही परत. मराठी कागदावर नव्हती, पण तिच्याशिवाय सूचना कुणाला पोचलीही नसती. मराठी विभागाची स्वतःची सूचना बाहेरच्या जाळीच्या फलकावर लागायची, त्याला लहानसं कुलूप आणि किल्ली ऑफिसात. एकदा आमच्या कविसंमेलनाचा कागद सकाळी लावला आणि दुपारी टाचण्या तेवढ्या उरल्या. कुणी काढला ते कळलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही. सरांनी तीच सूचना आमच्याकडून दहा चिठ्ठ्यांवर लिहून घेतली आणि बसने जाणाऱ्या मुलांच्या हाती दिली. येळ्ळूर, उचगाव, कडोली, जांबोटी. कविसंमेलनाला खुर्च्या कमी पडल्या.

एकांकिकेचंही तसंच. खानापूरच्या मुली संध्याकाळच्या बसला निघून जात, म्हणून तालीम सकाळी सात वाजता, पहिल्या तासाच्या आधी. नायकाचं काम करणारा मुलगा बैलहोंगलचा, घरी कन्नड. त्याने देवनागरी संवादांवर बारीक कन्नड अक्षरांत उच्चार लिहून घेतले होते. त्याच्या तोंडी एकही शब्द चुकला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कॉलेजच्या आत ही दोन भाषांची भांडणं बाहेरच्याइतकी कधीच तापली नाहीत.

आता त्या शब्दाकडे वळतो, ज्याने पालकांना आणि पत्रकारांना सारखंच गोंधळात टाकलंय. कॉलेजात 'मराठी आहे' याचा अर्थ काय? आपल्याकडे बी.ए. ला मराठी दोन वाटांनी येते. 'बेसिक' म्हणजे सगळ्यांना घ्याव्या लागणाऱ्या भाषांपैकी एक, आणि 'ऑप्शनल' म्हणजे इतिहास, अर्थशास्त्रासारखा मुख्य विषय. बेसिकला मुलं भरपूर, ऑप्शनलला थोडी. पण कार्यक्रम चालतात ते ऑप्शनलच्या मुलांवर. वाङ्मय मंडळ, भित्तिपत्रक, एकांकिका, ग्रंथदिंडी यांची सगळी ओझी तीच उचलतात. आणि बेसिकची मुलं कमी झाली की प्राध्यापकाचे तास कमी होतात, तास कमी झाले की जागा भरली जात नाही, आणि जागा रिकामी राहिली की ऑप्शनल बंद. दोरी अशी एकात एक गुंतलेली आहे. शिवाय शाळेला आहे तसं घटनेचं संरक्षण इथे नाही. मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचं घटनेतलं कलम प्राथमिक टप्प्यापुरतं आहे. पदवीच्या पातळीवर मराठी विषय राहणं हे प्रवेशसंख्येवर आणि संस्थेच्या इच्छेवर अवलंबून.

म्हणूनच २०२१ च्या ऑगस्टमधल्या आदेशाने इथे इतकी खळबळ झाली. नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीच्या अभ्यासक्रमात दोन भाषा, आणि त्यातली एक कन्नड सक्तीची. आपल्या मुलाला इंग्रजी तर हवीच असते. मग मराठीला जागा उरते कुठे? उच्च न्यायालयात संस्कृतवाले गेले, इतरही गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या सक्तीला अंतरिम स्थगिती मिळाली. २०२४ मध्ये राज्याने पदवीसाठी ते धोरणच बाजूला ठेवलं. सक्ती टळली, पण मधल्या काळात भाषेची निवड करून बसलेल्या तुकड्यांचं काय झालं याचा हिशोब कुणी मांडला नाही. फलकांवर साठ टक्के कन्नडचा २०२४ चा नियमही इथे उगाच मिसळला जातो. तो आस्थापनांच्या नामफलकांचा आहे. गॅदरिंगची सूचना त्या नियमाच्या नावाखाली अडवली जात असेल तर आधी नियम नीट वाचून घ्यावा.

२०१० मध्ये पीजी सेंटरचंच राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, भूतरामनहट्टीला, पुणे-बंगळूर हमरस्त्यालगत. मराठीचा पदव्युत्तर विभाग तिथे आहे आणि तो टिकला ही मोठी गोष्ट आहे. धारवाडची पायपीट संपली. पण या वाटणीत एक नुकसान झालं ते बोललं जात नाही. बेळगाव, विजापूर, बागलकोट हे तीन जिल्हे नव्या विद्यापीठात आले, कारवार जिल्हा धारवाडकडेच राहिला. म्हणजे हल्याळ, जोयड्याची मराठी मुलं एका विद्यापीठाच्या युवा महोत्सवात, खानापूर आणि निपाणीची दुसऱ्या. बिदर, भालकीची तर १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ झाल्यापासूनच वेगळीकडे. सीमाभागातले मराठी विद्यार्थी एकाच मांडवाखाली यावेत असा विद्यापीठ पातळीवरचा एकही कार्यक्रम आज उरलेला नाही.

महाराष्ट्राच्या बाजूने हात पुढे येतो तो प्रवेशाच्या वेळी. तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तकांत विवादित सीमाभागाचा वेगळा वर्ग असतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांची यादी आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. शिवाजी विद्यापीठानेही या गावांसाठी सवलती दिल्या आहेत. मुलं जातात आणि बहुतेक तिथलीच होतात. इथल्या गॅदरिंगला त्यांचा काय उपयोग?

त्यांच्या मागे राहिलेली मुलं आता कॉलेजपेक्षा गावात जास्त दिसतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, माचीगड या गावांत हिवाळ्यातल्या रविवारी संमेलनं भरतात. पहाटे रस्त्यावर सडा-रांगोळी, नऊवारीतल्या मुली, लेझीम, पालखीत ग्रंथ, मग उद्घाटन, दुपारी गावजेवण, कथाकथन, शेवटी कविसंमेलन. ज्या मुलाला कॉलेजात हॉल मिळत नाही त्याला इथे हजार माणसांसमोर माइक मिळतो. मराठी कार्यक्रमांचं केंद्र फलकाच्या जाळीतून सुटून देवळाच्या पटांगणात आलं, ते असं.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्यापासून २७ फेब्रुवारीला कॉलेजांतही जरा जोर आलाय. यंदा आमच्या गावच्या बैठकीत संमेलनाची तारीख काढताना एका शिक्षकाने आधी पिशवीतून विद्यापीठाचं सत्र परीक्षेचं वेळापत्रक बाहेर काढलं आणि दिनदर्शिकेशेजारी ठेवलं. ज्या रविवारच्या पुढेमागे पेपर होता ते त्याने पेनने खोडले. सूत्रसंचालन बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली करणार आहेत. दोघींचाही विषय ऑप्शनल मराठी. त्यांच्या वर्गात या वर्षी किती जण आहेत, असं मी विचारलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि बोटांवर मोजून सांगितलं, 'सर, आम्ही धरून सात.'